गटारीनंतरची पहाट: चार वाजता टक्क जाग आणि छातीत धडधड

रात्रपाळी (सोमवार, दुपारी १२.१०)

आधीच सांगतो, उपदेश ऐकायला हा धागा काढलेला नाही. मी रोज पिणारा नाही. महिन्यातून दोन-तीनदा मित्रांबरोबर बसणं होतं. वय ३८, पुण्यात नोकरी, बीपी-शुगर अजून तरी नाही.

काल आमची गटारी झाली. मित्राची गच्ची, वर पत्रा, बाहेर भुरभुर पाऊस, मटण त्याच्या आईने करून दिलेलं. साडेआठला बसलो, साडेअकराला उठलो. साठचे तीन. पडलो नाही, ओकलो नाही. रिक्षाने घरी आलो, बायकोशी नीट बोललो, झोपलो. आणि पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी टक्क जाग. छातीत धडधड, तळहाताला घाम, तोंडाला कोरड. डोकं दुखत नव्हतं, हे विशेष. पण मनात एकच, की आपल्या हातून काहीतरी भयंकर झालंय आणि ते आपल्याला आठवत नाहीये.

उठून मोबाईल बघितला, ग्रुपवर काही वेडंवाकडं लिहिलंय का. नव्हतं. मग आठवलं, मित्राच्या आईला मी "मावशी, मीठ जरा कमी आहे" असं म्हणालो होतो. झालं. त्या एका वाक्यावर साडेपाचपर्यंत कुढत बसलो. मावशी काय म्हणाल्या असतील, एवढ्या खपून केलेलं मटण आणि हा शहाणा मीठ काढतो. त्यानंतर घराचा हप्ता, मुलीची शाळा, वडिलांचं पोटाचं दुखणं, सगळे रांगेने येऊन भेटून गेले.

पंचविशीत याच्या दुप्पट पिऊन सकाळी सातला क्रिकेट खेळायला जायचो. गेल्या दोन वर्षांत मात्र हे वाढत चाललंय. डोकेदुखी एक वेळ परवडते, गोळी घेतली की संपते. ही भीती दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पुरते. आणि मी पितो ते मुळात टेन्शन उतरावं म्हणूनच. चार माणसांत बोलणं मला जड जातं. दोन पेग झाले की मी बरा माणूस होतो.

कुणाला असं होतं का? हे हृदयाचं आहे की डोक्याचं?

चकणा_स्पेशालिस्ट (सोमवार, दुपारी १२.२५)

+१. आमच्या बैठकीत याला "पहाटेचा हिशेबनीस" म्हणतात. चारच्या ठोक्याला वही घेऊन उशाशी हजर. २००९ साली कुणाला काय बोललो तेही त्याच्याकडे लिहिलेलं असतं.

इलाज सोपा आहे. सकाळी तीसचा एक उतारा टाकायचा, वर लिंबू पिळून. दहा मिनिटांत माणसात.

समई (सोमवार, दुपारी १२.४१)

दीप अमावास्या म्हणा हो. घरातले दिवे घासूनपुसून पुजायचा दिवस आहे तो. त्याला हे गटारी नाव कुणी चिकटवलं?

चकणा_स्पेशालिस्ट (सोमवार, दुपारी १२.४४)

दिवे घ्या ताई. आज तर घासलेलेच आहेत.

संपादक (सोमवार, दुपारी १.०२)

नावावरची चर्चा दरवर्षी याच सुमारास होते आणि दरवर्षी दोनशे प्रतिसादांवर धागा कुलूपबंद करावा लागतो. त्यासाठी वेगळा धागा काढावा. इथे धडधडीबद्दलच बोलूया.

तालुका_डॉक (सोमवार, दुपारी ३.३०)

ओपीडी आटोपली, आता सविस्तर लिहितो. मी फिजिशियन आहे, तालुक्याच्या गावात एकोणीस वर्षं. श्रावणाचा पहिला आठवडा आमच्याकडे वेगळाच असतो, त्याबद्दल शेवटी.

रात्रपाळी, आधी तुमचा हिशेब मांडू. आपल्याकडच्या व्हिस्की-रमच्या बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. म्हणजे ३० मिलीत साधारण १० ग्रॅम निव्वळ अल्कोहोल. साठचे तीन म्हणजे ६० ग्रॅम. यकृत तासाला ७ ते १० ग्रॅम निपटतं. त्याला घाई करता येत नाही; कॉफी, ताक, थंड पाण्याची आंघोळ, कशानेही नाही. साडेआठपासून मोजा. अडीच ते पाचच्या मध्ये कधीतरी तुमच्या रक्तातली दारू संपते. तुम्ही उठलात चार दहाला. बसतंय ना गणित? हँगओव्हर सगळ्यात जोरात असतो तो दारू अंगात भरपूर असताना नव्हे, तर ती संपत आलेली असताना. (बिअरवाल्यांसाठी: ६५० मिलीची ८ टक्क्यांची स्ट्राँग बाटली म्हणजे ४१ ग्रॅम. "मी फक्त दोन बिअर घेतल्या" म्हणणारा आठ लहान पेग पिऊन आलेला असतो.)

आता भीती कुठून येते ते बघू. मेंदूत शांत करणारं एक रसायन आहे, गाबा. चाळवणारं दुसरं, ग्लुटामेट. दारू गाबाचा जोर वाढवते आणि ग्लुटामेटला दाबते. दोन पेगनंतर तुम्ही "बरा माणूस" होता तो यामुळे. पण मेंदू काही स्वस्थ बसत नाही. गणपतीच्या मांडवात समोरच्या माणसाने कानात बोळे घातलेत, त्याला ऐकू जात नाहीये, म्हणून ऑपरेटर आवाज वाढवत नेतो, तसं तो करतो. गाबाची ताकद कमी करतो, ग्लुटामेट वाढवतो. पहाटे दारू संपते, म्हणजे कानातले बोळे गळून पडतात. स्पीकरचा आवाज मात्र वाढवलेलाच असतो. धडधड, घाम, हातांना बारीक कंप, खुट्ट झालं की दचकणं, हे सगळं त्या आवाजाचं. भीतीला कारण नसतं, म्हणून मन कारण शोधत हिंडतं. तुमच्या मनाला मीठ सापडलं.

यात आणखी चार गोष्टींची भर पडते.

झोप. दारूने डोळा पटकन लागतो हे खरं, पण रात्रीच्या पहिल्या भागात स्वप्नांची झोप दबून जाते आणि उत्तरार्धात झोपेचे तुकडे होतात. नाडी रात्रभर चढी राहते. सहा तास पडून राहिलात तरी सहा तास झोप झाली असं नाही.

साखर. यकृत दारू निपटण्यात गुंतलं की नवी साखर तयार करायचं काम मागे पडतं. उपाशीपोटी प्यालेल्याची साखर पहाटे खाली जाऊ शकते आणि साखर उतरण्याची लक्षणं घाबरल्यासारखीच असतात. तुम्ही मटण-भाकरी खाऊन झोपलात, तुमच्या बाबतीत हे कमी. पण मधुमेहाच्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने रिकाम्या पोटी बसणं म्हणजे सरळ धोका आहे.

पाणी. लघवी रोखून धरणारं संप्रेरक दारूने दबतं, म्हणून सारखं उठावं लागतं. त्याने तोंडाला कोरड पडते, डोकं जड होतं. पण नुसत्या पाण्याने भीती जात नाही.

आणि ॲसिटाल्डिहाइड. दारू मोडताना मधल्या टप्प्यावर तयार होणारा हा विषारी पदार्थ. मळमळ, चेहरा लाल होणं, नाडी वाढणं याच्याकडे जातं.

हृदयाचं काय? एखाद्या रात्रीच्या जास्त पिण्यानंतर धडधाकट माणसाच्या हृदयाचे ठोके बेताल होऊ शकतात. त्याला १९७८ पासून "हॉलिडे हार्ट" असं नाव आहे, कारण असे रोगी सुट्टीनंतर यायचे. तेव्हा ठोके नुसते जलद नसून वेडेवाकडे पडत असतील, छातीत दुखत असेल, दम लागत असेल, चक्कर येऊन पडायला झालं असेल, तर भीती आहे की हृदय याचा निवाडा घरी करू नका. तुमच्या लिहिण्यावरून हे भीतीकडे झुकतंय, पण एक ईसीजी आणि थायरॉइडची तपासणी करून घ्या. अडतिशीत ती तशीही व्हायला हवी.

गोळी घेता म्हणालात. दारूवर ब्रुफेन, ॲस्पिरिन पोटाच्या अस्तराला चावतात, रक्तस्राव होऊ शकतो. नेहमी भरपूर पिणाऱ्याने पॅरासिटामॉलचे डोस वर डोस घेतले तर यकृतावर संकट. डोकं थोडं दुखू द्या, हा माझा अप्रिय सल्ला.

चकणा, तुमच्या उताऱ्याबद्दल. काम करतो, हेच त्याचं वाईट आहे. बोळे परत कानात घातले की आवाज कमी वाटणारच. फक्त पहाटेचं दुपारवर ढकललं जातं. "सकाळी उठल्यावर हात स्थिर करायला घ्यावी लागते का?" हा प्रश्न आम्ही रोग्याला मुद्दाम विचारतो. उत्तर हो आलं तर पुढचं बोलणं वेगळ्या सुरात करावं लागतं.

चकणा_स्पेशालिस्ट (सोमवार, दुपारी ३.५२)

डॉक, उत्तर हो नाही. पण नाहीच असंही छातीठोक सांगवत नाही. विचार करतो.

रेडिंगकर (सोमवार, रात्री ८.१५)

उत्तम प्रतिसाद डॉक. इथे इंग्लंडमध्ये या भीतीला तरुण पोरांनी "हँग्झायटी" असं नाव पाडलंय, हँगओव्हर आणि अँग्झायटी यांचं कडबोळं. २०१९ मध्ये एक्सेटर विद्यापीठ आणि युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या लोकांनी सुमारे शंभर पिणाऱ्यांवर अभ्यास केला. जी माणसं मुळात बुजरी होती, त्यांची बेचैनी पिताना थोडी उतरली, पण दुसऱ्या दिवशी ती बरीच वाढली. "चार माणसांत बोलणं जड जातं" हे रात्रपाळींचं वाक्य वाचून तेच आठवलं. ज्याला सगळ्यात जास्त गरज वाटते, त्यालाच सगळ्यात महाग पडते.

अवांतर: २०१३ पासून इकडे "ड्राय जानेवारी" चालतो, महिनाभर बंद. ऑफिसात मला कौतुकाने समजावून सांगतात. मी म्हटलं, बाबांनो, आमच्या आजोबांच्या काळापासून आहे हे. आमच्यात त्याला श्रावण म्हणतात.

चिंचेचा_डोंगर (सोमवार, रात्री ८.४०)

सगळा हा आजकालच्या लोकांचा नाजूकपणा. आमचे आजोबा सत्तर वर्षं रोज संध्याकाळी घ्यायचे. ब्याण्णव्या वर्षी गेले, कधी धडधड ऐकली नाही.

निळी_छत्री (सोमवार, रात्री ९.०५)

आजोबांनी सांगितलं असतं का, चिंचेचा डोंगर? माझ्या आजोबांना पहाटे चारला उठून अंगण झाडायची सवय होती. "शिस्तीचा माणूस" म्हणायचे सगळे. हा धागा वाचताना पहिल्यांदाच डोक्यात आलं, की झोपच लागत नसेल त्यांना. असो, माहीत नाही.

मी बाई आहे आणि पिते, हे आधी लिहून टाकते, म्हणजे त्यावर प्रतिसाद द्यायची ज्यांना हौस आहे त्यांची सोय होईल. माझं वाइनचं असतं, शुक्रवारी, मैत्रिणींबरोबर. शनिवारी सकाळी मला खात्री असते की सगळ्या मैत्रिणी दुसऱ्या ग्रुपवर माझ्याबद्दल बोलतायत. दोन वर्षांपूर्वी एकदा मॉलच्या पार्किंगमध्ये श्वास अडकल्यासारखं झालं, हातपाय बधिर. ईसीजी नीट निघाला. मग मानसोपचार, बेचैनीवर रोजची एस्सिटालोप्राम, आणि "फारच वाटलं तर" म्हणून अर्धी अल्प्राझोलाम, ही झटपट शांत करणारी गोळी. सहा महिने गोळ्या घेऊनही शनिवार तसेच. शेवटी दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "शुक्रवारी काय करता?" पहिल्यांनी विचारलं नव्हतं, आणि मीही सांगितलं नव्हतं. त्यांच्या खोलीत आई सोबत बसलेली होती, कसं सांगणार?

तालुका_डॉक (सोमवार, रात्री १०.२०)

निळी छत्री, आई बाहेर बसवायला हवी होती. ती चूक त्या डॉक्टरांची, तुमची नव्हे. दोन गोष्टी इथल्या सगळ्यांसाठी. अल्प्राझोलाम आणि दारू दोन्ही एकाच खटक्यावर, म्हणजे गाबावर, बोट ठेवतात. एकत्र घेतली तर श्वास मंदावून माणूस झोपेत जाऊ शकतो. "पहाटे भीती वाटली म्हणून अर्धी गोळी घेतली" हे मी अनेकदा ऐकतो. असं करू नका. दुसरं, बाईच्या शरीरात त्याच वजनाच्या पुरुषापेक्षा पाण्याचा अंश कमी, म्हणून तेवढ्याच ग्लासात रक्तातलं प्रमाण जास्त चढतं. नवऱ्याच्या बरोबरीने ग्लास मोजणं हा चुकीचा हिशेब.

उर्राक_पंथी (सोमवार, रात्री ११.०५)

आमच्या गोव्यात काजूच्या दिवसांत उर्राक असते. फेणीच्या आधीच्या उकळीची, हलकी, लिम्का आणि उभी चिरलेली हिरवी मिरची घालून. सरबतासारखी जाते. हलकी आहे म्हणून दुपारी बारालाच सुरू होते आणि मोजणं राहून जातं. माझी सगळ्यात वाईट पहाट फेणीची नव्हती, उर्राकची होती. देवळाच्या घंटेचा आवाज आला आणि मला वाटलं कुणीतरी गेलं.

डॉक, रंगीत दारूने जास्त त्रास होतो हे खरं का?

तालुका_डॉक (सोमवार, रात्री ११.१८)

काही अंशी. रंगीत दारूत अल्कोहोलशिवायचे इतर घटक जास्त असतात. बर्बन आणि व्होडका यांची तुलना झाली तेव्हा बर्बनवाल्यांना दुसऱ्या दिवशी जास्त त्रास झाला. पण मुख्य गुन्हेगार अल्कोहोलच. व्होडका पिऊन "स्वच्छ" पहाट विकत घेता येत नाही.

रात्रपाळी (मंगळवार, सकाळी ९.३०)

सगळ्यांचे आभार. खूप हलकं वाटलं. बायकोलाही वाचायला दिला धागा. ती फक्त "मीठ?" एवढंच म्हणाली आणि हसत सुटली.

श्रावण लागलाच आहे. ठरवलं, महिनाभर बंद. कोण कोण येतंय?

चकणा_स्पेशालिस्ट (मंगळवार, सकाळी ९.४१)

मी. शेंगदाणे मात्र चालू राहतील.

निळी_छत्री (मंगळवार, सकाळी ९.५०)

मी पण.

नऊ_वर्षं_कोरडा (मंगळवार, दुपारी २.१५)

महिन्यातून दोनदा बसणाऱ्यांनी खुशाल बंद करा. पण इथे गुपचूप वाचणारे असतात, मीही वाचत असे, त्यांच्यासाठी लिहितो.

मी रोजचा होतो. क्वार्टरवरून सुरुवात, शेवटी हाफ आणि सकाळची वेगळी. दरवर्षी श्रावण पाळायचो. घरात त्याचं केवढं कौतुक. "बघा, महिनाभर शिवत नाही, म्हणजे व्यसन नाही." पहिले तीन दिवस कसे जायचे ते कुणी बघितलं नाही. मी ताप आलाय म्हणून गोधडीत पडून असायचो. हात थरथरतात म्हणून बशीत चहा प्यायचो. पाचव्या वर्षी आंघोळ करताना फिट आली, न्हाणीत पडलो, कपाळाला सात टाके. तेव्हा पहिल्यांदा कळलं की मी श्रावण पाळत नव्हतो, श्रावण मला मारत होता. पुढे पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात राहिलो, नंतर एएच्या (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस) मीटिंगा. आजही जातो.

तुमच्या पहाटेच्या भीतीबद्दल एकच. माझीही तिथूनच सुरू झाली होती. मी तिच्यावर औषध म्हणून उतारा घेतला, आणि मग तो रोजचा झाला.

तालुका_डॉक (मंगळवार, दुपारी ३.४०)

श्रावणाच्या पहिल्या आठवड्याचं शेवटी लिहितो म्हणालो होतो, ते कोरडा यांनीच लिहून टाकलं. रोज पिणारा माणूस झटक्याने बंद करतो तेव्हा तो स्पीकरचा आवाज एका रात्रीचा नसतो, वर्षानुवर्षं वाढवत नेलेला असतो. शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत थरथर, घाम. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भ्रम, म्हणजे नसलेली माणसं, किडे दिसणं, दिवस-रात्र न कळणं. हे जिवावर बेतू शकतं. आणि "गेल्या वर्षी काही झालं नाही" याला अर्थ नाही. प्रत्येक वेळी झटक्याने सोडलं की पुढची खेप अधिक जड जाण्याची शक्यता असते. त्यामुळे रोजच्या माणसाने सोडावं जरूर, पण डॉक्टरच्या नजरेखाली, औषधं घेऊन. पाच-सात दिवसांचा प्रश्न असतो.

पिंपळपान (मंगळवार, रात्री ११.४०)

नवीन आहे इथे. मोबाईलवरून लिहिते, चुका माफ करा. वरचं वाचून अंगावर काटा आला. माझे वडील ५८ वर्षांचे. रोज देशीची क्वार्टर-दीड क्वार्टर, कधी सकाळी पण. रविवारी रात्री शेवटची घेतली, श्रावण म्हणून बंद. दरवर्षी करतात. काल दिवसभर हात थरथरत होते, जेवले नाहीत. आज संध्याकाळपासून घामाने सदरा भिजलाय आणि गोठ्यात कोणीतरी उभं आहे म्हणतात. अंगावरचे किडे झटकतात, किडे नाहीयेत. मला आईच्या नावाने हाक मारली. आत्या म्हणते अमावास्येचं लागलंय, नारळ ओवाळून तिठ्यावर उतारा टाकायचा. भाऊ म्हणतो थोडी पाजू, दुसरा उतारा. काय करू?

तालुका_डॉक (मंगळवार, रात्री ११.४३)

आत्ता दवाखान्यात न्या. सकाळची वाट बघू नका. १०८ ला फोन करा, "दारू बंद केल्यावर भ्रम झालाय" असं स्पष्ट सांगा. मोटारसायकलवर मधे बसवून नेऊ नका, रस्त्यात फिट येऊ शकते.

गाडी येईपर्यंत खोलीत उजेड ठेवा, फार माणसं जमवू नका, त्यांच्याशी वाद घालू नका. भावाला सांगा, काहीही पाजायचं नाही. शुद्ध नीट नसलेल्या माणसाच्या घशात ओतलं तर फुफ्फुसात जातं. फिट आली तर कुशीवर वळवा, तोंडात चमचा-बोटं घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका. डॉक्टरांना सांगा: रोज किती, शेवटची कधी, पूर्वी फिट आली होती का. आणि सलाईनमधून साखर जाण्याआधी बी-वन (थायमिन हे जीवनसत्त्व) द्यायचं आहे, याची आठवण करा. राग आला तर येऊ दे.

आत्याला दुखवू नका. नारळ उद्या ओवाळा म्हणावं.

नऊ_वर्षं_कोरडा (मंगळवार, रात्री ११.५१)

ताई, मी जागा आहे. निरोपातून नंबर पाठवलाय. गाडीत बसलात की कळवा.

पिंपळपान (बुधवार, पहाटे १.१५)

गाडी आली. निघालो.

निळी_छत्री (बुधवार, सकाळी ७.००)

काही कळलं का?

समई (बुधवार, सकाळी ७.३५)

मीही सारखी उघडून बघतेय.

पिंपळपान (शुक्रवार, संध्याकाळी ६.२०)

सरकारी दवाखान्यात आहोत. त्या रात्री वॉर्डात नेल्यावर एक फिट आली. तिथे आली म्हणून बरं, असं सिस्टर म्हणाल्या. इंजेक्शनं चालू आहेत. पहिली रात्र हात बांधून ठेवावे लागले, ते बघवलं नाही. काल दुपारी त्यांनी मला माझ्या नावाने हाक मारली आणि चहा मागितला. कपात.

आत्याने नारळ ओवाळला. दवाखान्याच्या फाटकाबाहेर. मी काही बोलले नाही.

आता घरी आल्यावर पुढे काय, तेच समजत नाही.

तालुका_डॉक (शुक्रवार, रात्री ९.१०)

छान बातमी. घरी आल्यावरचे पहिले काही आठवडे झोप उडालेली, मन बेचैन, चिडचिड असं असणार. ती भीती स्वतःहून ओसरते, पण वेळ घेते, आणि त्याच काळात माणूस परत वळतो. तेव्हा सोडवण्याचं औषध वॉर्डातून निघायच्या आधीच विचारून घ्या. एक गोष्ट मात्र करू नका: जेवणात, चहात नकळत "दारू सोडवायची पावडर" घालणं. त्यात डायसल्फिराम हे औषध असेल आणि वर दारू पोटात गेली, तर रक्तदाब कोसळून माणूस दगावू शकतो. ते औषध माणसाला सांगून, त्याच्या संमतीनेच द्यायचं असतं.

बोलायला कुणी हवं असेल तर व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६. भीतीवाल्यांनीही टिपून ठेवा.

चिंचेचा_डोंगर (शनिवार, सकाळी ८.१५)

काल आईला फोन करून विचारलं. ती म्हणाली, "तुझे आजोबा रात्री तीनपासून माळ घेऊन बसायचे. झोप नव्हतीच त्यांना." माझा वरचा प्रतिसाद मागे घेतो.

चकणा_स्पेशालिस्ट (दहा दिवसांनी)

हजेरी. पहिले चार दिवस संध्याकाळी साडेसातला पाय आपोआप वळायचे. आता नाही. उत्तर "नाही" असं आलंय डॉक, पण थोडक्यात वाचलं असं वाटतं. वजन दीड किलो वाढलं, शेंगदाण्यांनी.

रात्रपाळी (तीन आठवड्यांनी)

ईसीजी नीट, थायरॉइड नीट. घेतली नाही अजून. मधे ऑफिसचं जेवण झालं, लिंबू सोडा घेऊन उभा राहिलो. पहिला अर्धा तास फार वाईट गेला, हात कुठे ठेवायचे ते कळेना. मग बाजूला एक नवीन मुलगा उभा होता, त्याचीही तीच गत. दोघं मिळून पावसावर बोललो. साडेनऊला घरी. भीती पूर्ण गेली असं म्हणणार नाही. बुजरेपणा आहे तिथेच आहे, त्यासाठी समुपदेशकाची वेळ घेतली आहे. पण पहाटेची ती धडधड एकदाही नाही. परवा चारला जाग आली होती, गॅलरीत पाणी गळत होतं म्हणून. बादली लावली आणि परत झोपलो.

आणि काल धीर करून मित्राच्या आईला फोन केला. म्हटलं, मावशी, त्या दिवशी मटणाला नाव ठेवलं, राग मानू नका. त्या म्हणाल्या, "कुठलं मटण? अरे, त्या दिवशी मीठ घालायलाच विसरले होते मी. तू एकटाच बोललास. बाकीचे मेले गपचूप खात होते."

चकणा_स्पेशालिस्ट (तीन आठवड्यांनी)

मी होतो त्या बाकीच्या मेल्यांत. मला वाटलं माझीच जीभ गेली.

रात्रपाळी (तीन आठवड्यांनी)

तू?!! फोन कर.